क्लोनिसची रेल्वे बीचिंगने बंद केली नाही

आयर्लंडच्या मॉनहन काउंटीत क्लोनिस नावाचं छोटं बाजाराचं गाव आहे, उत्तर आयर्लंडच्या बॉर्डरला अगदी चिकटून. तिथली रेल्वे डॉ. बीचिंगने, म्हणजे तोट्यातल्या लाइन बंद करा असं सुचवणाऱ्या ब्रिटिश रेल्वेच्या प्रमुखाने, बंद केली असं बरेच जण ठोकून देतात, पण तारखा बघा ना, बीचिंगचा रिपोर्ट आला मार्च 1963 मध्ये आणि क्लोनिसची पॅसेंजर गाडी थांबली 1957 च्या शरदातच! शिवाय तो रिपोर्ट फक्त इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सपुरता होता, आयर्लंडचा त्यात संबंधच नाही.

खरं कारण आयर्लंडची फाळणी, उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला (सरकार बेलफास्टला), बाकीचा वेगळा झाला (सरकार डब्लिनला). डंडॉक, कॅव्हन, आर्मा, एनिस्किलन अशा चारही दिशांच्या लाइन इथे मिळायच्या, त्यातल्या दोन बॉर्डरपलीकडे जायच्या, 1923 पासून मधे कस्टम्स आले, धंदा बसत गेला. 1953 मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून या लाइन चालवणारी ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनी विकत घेतली, पण बेलफास्टच्या सरकारने 1957 मध्ये आपल्या बाजूच्या लाइन बंद केल्या, मग अर्ध्यावर तुटलेली लाइन डब्लिन तरी कशी चालवणार? मालगाड्या तेवढ्या अजून दोनेक वर्षं रेटल्या.

इंजिनांची काँक्रीटची अर्धगोल शेड अजून उभी आहे. बीचिंगचं नाव घेतलं की हा सगळा बॉर्डरचा इतिहासच पुसला जातो, म्हणून एवढं सांगावंसं वाटलं.