दातावर खडा किंवा सोन्याचा दात आहे? सफाईला येण्याआधी हे वाचा

लग्नसराई जवळ आली की आमच्या दवाखान्यात सुळ्यावर चमकता खडा बसवून घ्यायला मुली येतात. मागच्या वर्षी खडा बसवलेल्याही येतात, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून. पण सफाईचं नाव काढलं की तोंडावर हात जातो. "घासलं त पडन जी!" हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं की शेवटी हे माहितीपत्रक लिहायला घेतलं.

आधी सरळ उत्तर देतो. नीट चिकटवलेला खडा जपून केलेल्या सफाईने सहसा पडत नाही. सफाईत पडतो तो बहुतेक वेळा आधीच एका कडेने सुटलेला असतो, आणि त्या फटीत घाण शिरलेली असते. असा खडा तोंडात ठेवण्यापेक्षा निघालेला बरा. त्यामुळे "पडणारच नाही" अशी हमी आम्ही देत नाही. सुरू करण्याआधी खडा तपासतो आणि सैल असेल तर तुम्हाला आरशात दाखवतो.

खडा बसतो कसा, आणि घाण कुठे साचते

खडा बसवताना दाताला भोक पाडत नाहीत. दाताच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं जेल, साधारण 37 टक्क्यांचं, थोडे सेकंद लावून धुतात. त्याने दाताचं वरचं कवच अगदी बारीक खरबरीत होतं. त्यावर चिकटद्रव्य, मग दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट (दात भरायचा मसाला), त्यात खडा, आणि शेवटी निळ्या प्रकाशाने ते कडक करतात. काम नोंदणीकृत दंतवैद्याने केलं तर दात शाबूत राहतो.

प्रश्न खड्याच्या कडेचा आहे. दात मुळात गुळगुळीत असतो, तिथे जीभ आणि ओठ दिवसभर पुसून घेत असतात. खडा बसला की त्याच्याभोवती बारीकशी पायरी तयार होते. तिथे मऊ पांढरट थर साचतो. तो काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून काही दिवसांत त्याचं किटण व्हायला लागतं. किटण झालं की ब्रशने निघत नाही, कितीही जोर लावा.

मागे एक मुलगी खडा काढून घ्यायला आली होती. पडू नये म्हणून वर्षभर तिने त्या दाताला ब्रशच लावला नव्हता. खडा निघाला तेव्हा त्याच्या जागेभोवती खडूसारखं पांढरं कडं होतं. ती कीड लागण्याची सुरुवात होती. दातातली खनिजं तिथून निघून गेली होती, फक्त खड्डा पडायचा बाकी होता. या टप्प्यावर फ्लोराईडचा लेप आणि रोजची स्वच्छता यांनी कीड थांबवता येते. पण पांढरं कडं बहुतेकदा थोडंफार दिसत राहतं. ज्या दाताला सजवलं, तोच दात डागाळला, आणि कारण खडा नव्हतं, न लागलेला ब्रश होतं.

आपल्या भागात यात आणखी एक गुंता आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात, असं भारतीय मानक आहे. लहानपणी, दात हिरडीच्या आत तयार होत असताना, त्याहून जास्त फ्लोराईडचं पाणी पोटात गेलं की दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. हे डाग सफाईने जात नाहीत. घासून काढा असा आग्रह कृपया धरू नका, कवच झिजेल आणि डाग तिथेच राहील. हे पट्टे सहसा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात. कीडीचं कडं मात्र खडा असलेल्या त्या एकाच दातावर, खड्याला वेढून असतं. घरी आरशात हे पाहता येतं. शिवाय पट्टेवाल्या दातावर चिकटद्रव्य तितकं घट्ट धरत नाही, म्हणून अशांचा खडा लवकर पडू शकतो. बसवण्याआधीच आम्ही हे सांगतो.

खुर्चीवर काय होतं

किटण काढायला आम्ही अल्ट्रासोनिक यंत्र वापरतो. त्याचं टोक सेकंदाला 25 हजारांहून जास्त वेळा थरथरतं, आणि त्यातून येणारं पाणी टोक थंड ठेवून सुटलेली घाण वाहून नेतं. हे टोक खड्याला लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. टोक लागलं तर काचेच्या खड्याला ओरखडा जातो आणि चिकटद्रव्याला हादरा बसतो. म्हणून बाकीचे दात यंत्राने, आणि खड्याच्या आजूबाजूचा भाग हाताच्या बारीक अवजाराने करतो. याला वेळ लागतो. एका खड्यासाठी पाच-सात मिनिटं जास्त गेली तर कंटाळू नका.

खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला किटण सगळ्यात जास्त असतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. खडा वरच्या सुळ्यावर, आणि खरी घाण तिसरीकडेच, असं नेहमी दिसतं. खड्याच्या काळजीने सफाई टाळली की नुकसान त्या दाढांचं होतं.

शेवटी मऊ रबरी कपाने आणि बारीक पेस्टने दात चकचकीत करतो. सोड्याच्या पावडरचा फवारा खड्यावर आणि सोन्यावर मारत नाही, त्याने कॉम्पोझिट खरबरीत होतं आणि चमक उतरते. ज्या खड्यांना मागून चंदेरी मुलामा असतो ते कडेने पाणी शिरलं की काळपट पडतात. असा काळा पडलेला खडा सफाईने उजळत नाही, बदलावाच लागतो.

"सफाईने दात हलायला लागतात" ही भीती गावोगावी आहे. किटणाने दातांमधल्या फटी भरलेल्या असतात. ते निघालं की जीभ लावल्यावर फट जाणवते आणि गार पाणी दोन-चार दिवस झोंबतं. हलणारा दात आधीपासूनच हलत होता, हाड किटणापायी खाली गेलेलं होतं. किटणाने त्याला फक्त धरून ठेवलं होतं.

सोन्याचा दात, ग्रिल, जिभेतली बाळी

आजी-आजोबांच्या तोंडात सोन्याचं टोपण असतं, आणि त्यांना वाटतं सोन्याला काय होणार. सोन्याला काहीच होत नाही, खरं आहे. पण टोपणाखाली दात आहे, आणि टोपणाची कड हिरडीला जिथे भिडते तिथे अन्न अडकतं. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला बसवलेली पिवळी टोपणं तर बऱ्याचदा पितळेवर मुलामा दिलेली असतात. कड उघडी, खाली कीड, आणि हिरडी सुजलेली. अशी टोपणं आम्ही हाताच्या अवजाराने साफ करतो, आणि दात वाचणार नसेल तर तसं स्पष्ट सांगतो.

काढता-घालता येणारी ग्रिल, म्हणजे दातांवर चढवायची धातूची शोभेची पट्टी, येताना काढून डबीत आणा. घरी ती जेवताना आणि झोपताना काढायची, मऊ ब्रशने गार पाण्यात धुवायची, उकळत्या पाण्यात टाकायची नाही. जिभेत किंवा ओठात बाळी असेल तर तीही सफाईआधी काढा. त्या बाळीने समोरचा दात टवकलेला आणि हिरडी खाली सरकलेली आम्ही पाहिली आहे.

खर्रा आणि गुडाखू

हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. खर्ऱ्याचे, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचे, डाग आम्ही काढतो, पण खर्रा सुरू राहिला तर काही आठवड्यांत ते परत येतात, आणि खड्याच्या कडेला सगळ्यात आधी. गोंदिया-गडचिरोलीकडे गुडाखू (तंबाखूची पेस्ट) दातांना चोळतात, इकडे मिसरी. त्यानेही तेच होतं, शिवाय तंबाखू हिरडीला रोज लागते. सफाई करताना आम्ही गालांची आतली बाजू आणि जीभ पाहतोच. तुमचीच तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील, तिखट झोंबत असेल, किंवा पांढरा चट्टा असेल, तर सुपारीने तोंड आखडत चाललं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी सफाईआधी तपासणी, आणि गरज पडली तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवतो. पोरगं वीस-बावीसचं असलं तरी हे टाळू नका.

आधी सांगायच्या गोष्टी

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, साखर असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, छातीत पेसमेकर असेल, दिवस गेलेले असतील, तर खुर्चीवर बसण्याआधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करून येऊ नका. खडा कधी, कुठे आणि कशाने बसवला तेही सांगा. दुकानातल्या झटपट गोंदाने घरी चिकटवला असेल तरी सांगा, आम्ही रागावत नाही. तो गोंद तोंडासाठी बनलेला नाही, त्याने हिरडी भाजू शकते, आणि असा खडा आम्ही आधी काढतो.

घरी काय करायचं

मऊ ब्रश, फ्लोराईडची पेस्ट, दिवसातून दोनदा. खड्यावरून ब्रश जाऊ द्या, फक्त कडेला बारीक गोल फिरवा. राख, विटेचा चुरा, खरखरीत मंजन यांनी खड्याचीच नाही, दाताचीही चमक जाते. कडुलिंबाची काडी चघळायला हरकत नाही, पण तिचे तंतू खड्याच्या कडेत अडकवून ओढू नका. ऊस समोरच्या दातांनी सोलणं, दातांनी दोरा तोडणं, बोराची बी फोडणं या तीन गोष्टींनी आमच्याकडचे सगळ्यात जास्त खडे पडले आहेत.

खडा जिभेला टोचायला लागला किंवा हलायला लागला तर पिन किंवा पक्कड घेऊन बसू नका, दाताचं कवच टवकेल. गिळला गेला तर बहुतेकदा तो आपोआप शौचावाटे निघून जातो. पण ठसका लागून खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जा, खडा श्वासनळीत गेलेला असू शकतो.

कधी यायचं

साधारण सहा महिन्यांतून एकदा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दर तीन-चार महिन्यांनी. खडा बसवायचा असेल तर आधी सफाई, मग खडा, उलट नाही. सुजलेल्या हिरडीजवळ रक्त आणि ओल असते, तिथे चिकटद्रव्य धरत नाही. लग्न असेल तर तारखेच्या किमान दोन आठवडे आधी या, म्हणजे हिरडी शांत व्हायला वेळ मिळतो. कापूस वेचणीच्या दिवसांत निघणं जमत नाही हे आम्हाला कळतं. पोळ्याच्या आधी एकदा येऊन गेलात तरी चालेल.

किती पैसे लागतील ते तपासून, काम सुरू करण्याआधी सांगतो. बाजाराच्या दिवशी गर्दी फार असते आणि खड्याच्या दाताला निवांत वेळ द्यावा लागतो, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी सकाळी या. पडलेला खडा सापडला असेल तर कागदाच्या पुडीत घालून सोबत आणा. टवकलेला नसेल आणि मागचा मुलामा शाबूत असेल, तर तोच परत बसवता येतो का ते आधी पाहू.