‘स्थानबद्ध’: एका शब्दात मावलेल्या चार कैदा

मराठी वृत्तपत्रांत ‘स्थानबद्ध’ हा शब्द आज किमान चार निरनिराळ्या अवस्थांसाठी वापरला जातो. सराईत गुन्हेगाराला वर्षभरासाठी कारागृहात पाठवले तरी तो स्थानबद्ध होतो आणि मंत्र्यांच्या दौऱ्याच्या दिवशी कार्यकर्त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरातच अडवून ठेवले तरी तोही स्थानबद्धच होतो. आणीबाणीतील मिसाबंद्यांसाठी (मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा राखण्याचा कायदा) आणि घरी पहाऱ्यात ठेवलेल्या आरोपींसाठीही हाच शब्द योजला जातो. तुरुंग, कोठडी, बंदिवास या शब्दांत भिंतींचा बोध आहे. या शब्दात तो नाही, आणि त्याची ही मवाळ छटा प्रशासनाला सोयीची ठरत आली आहे.

खटल्याविना डांबून ठेवण्याचा अधिकार मुंबई इलाख्यात १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनने सरकारला दिला होता, आणि १८९७ मध्ये पुण्यातील दोन सरदार बंधूंवर तोच चालवण्यात आला. मात्र मराठी वाचकाच्या मनात हा शब्द रुजला तो रत्नागिरीमुळे. १९२४ मध्ये येरवड्यातून सशर्त सुटलेल्या एका राजबंद्याला रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीत राहण्याचे आणि राजकारणापासून दूर राहण्याचे बंधन घालण्यात आले, ते १९३७ पर्यंत टिकले. त्या काळात त्याला घर, संसार, सभा-व्याख्याने आणि समाजकार्य यांची मोकळीक होती. हद्द ओलांडण्याची नव्हती. शब्दाचा मूळ अर्थ इथे अक्षरशः जुळतो.

१९४२ मध्ये पुण्याचा आगाखान पॅलेस आणि अहमदनगरचा किल्ला या वास्तू नेत्यांना ठेवण्यासाठी वापरल्या गेल्या, तेव्हा ‘स्थान’ जिल्ह्यावरून आवारापर्यंत आक्रसले. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने प्रतिबंधक स्थानबद्धतेला मान्यता दिली, आणि तेव्हापासून ‘स्थानबद्ध’ म्हणजे प्रत्यक्षात तुरुंगातलाच, पण आरोपपत्र नसलेला माणूस, असा कायदेशीर अर्थ पक्का झाला. १९७१ च्या मिसा कायद्याखाली आणीबाणीत पकडलेले लोक येरवडा, नाशिक येथील तुरुंगांत होते. अशा स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग आणीबाणीपुरता बंद आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयात १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी लागला, आणि तो रद्दबातल ठरायला २०१७ साल उजाडावे लागले. सल्लागार मंडळाच्या, म्हणजे स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणाऱ्या मंडळाच्या, अभिप्रायाविना ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतील कलम १९७८ मध्ये मंजूर झाले. ते अद्याप अमलात आणलेले नाही.

महाराष्ट्रात या शब्दाचा आजचा मुख्य आधार म्हणजे धोकादायक कृत्यांना प्रतिबंध करणारा १९८१ चा कायदा, बोलीत ‘एमपीडीए’. तो मुळात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी होता; नंतर त्यात धोकादायक व्यक्ती आल्या, आणि पुढे वाळूतस्करही आले. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात, बारा दिवसांत शासनाची मान्यता लागते, आणि नंतर प्रकरण सल्लागार मंडळापुढे जाते. याच बातम्यांत शेजारी तडीपारीचे आदेशही छापून येतात. तडीपाराला हद्दीबाहेर काढतात, तर स्थानबद्धाला तुरुंगात घालतात. तरीही वाचकाला दोन्ही एकाच वजनाच्या कारवाया वाटाव्यात, अशी या बातम्यांची भाषा असते.

खरा गुंता मात्र घरातील स्थानबद्धतेचा आहे. २०१८ मध्ये पुण्यात नोंदवलेल्या एका प्रकरणात देशभरातून पकडलेल्या काही जणांना न्यायालयाच्या आदेशाने आपापल्या घरी पहाऱ्यात ठेवण्यात आले. तेव्हा मराठी पत्रांनी ‘नजरकैद’ आणि ‘स्थानबद्ध’ हे शब्द आलटून पालटून वापरले. त्यांपैकी दिल्लीतील एका आरोपीने पुढे असा दावा केला की, घरी काढलेले चौतीस दिवस कोठडीतच धरावेत, म्हणजे आरोपपत्राची नव्वद दिवसांची मुदत उलटून जामिनाचा हक्क मिळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२१ च्या निकालाने घरातील कैद ही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ मधील, म्हणजे तपास चालू असतानाच्या, कोठडीचा एक प्रकार असू शकते हे मान्य केले, आणि वय, प्रकृती व गुन्ह्याचे स्वरूप पाहून ती योग्य प्रकरणी द्यावी, असेही सुचवले. तुरुंगांतील गर्दीचाही त्यात विचार होता. परंतु २०१८ चा आदेश त्या कलमाखालचा नव्हता, म्हणून याच आरोपीचे चौतीस दिवस मात्र हिशेबात धरले गेले नाहीत. तत्त्व ज्याच्यामुळे प्रस्थापित झाले, त्याच्या पदरात त्यातले काहीच पडले नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याला प्रकृतीच्या कारणाने तळोजा कारागृहातून नवी मुंबईतील एका घरात हलवण्यात आले, आणि पहाऱ्याचा खर्च त्यानेच भरावा अशी अट घालण्यात आली.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ ने ही वाट बरीच अरुंद केली आहे. आरोपीला पोलीस कोठडीसाठी पोलीस ठाण्यात, न्यायालयीन कोठडीसाठी तुरुंगात, किंवा सरकारने तुरुंग म्हणून घोषित केलेल्या जागी ठेवावे, अन्यत्र नव्हे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे न्यायाधीशाला योग्य वाटलेले घर आता पुरेसे नाही. ते आधी सरकारने तुरुंग म्हणून घोषित केलेले असावे लागेल, असाच या तरतुदीचा सरळ अर्थ निघतो.

दौऱ्याच्या दिवशीची स्थानबद्धता या कोणत्याच चौकटीत बसत नाही. तिच्या आधी बहुधा जुन्या संहितेतील कलम १४९ ची, म्हणजे आता नव्या संहितेतील १६८ ची, दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठीची नोटीस हाती दिली जाते. त्या नोटिशीने कोणाला घरात कोंडण्याचा अधिकार मिळत नाही, आणि दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठीच्या अटकेचे कलम निराळे आहे. अटक दाखवली की चोवीस तासांची मर्यादा आणि अटकेची कारणे सांगण्याचे बंधन लागू होते, म्हणून ती दाखवली जात नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते ती ‘कार्यकर्ते स्थानबद्ध’ एवढीच, आणि कोणत्या कलमाखाली, हे तिच्यात क्वचितच असते.