बुटीबोरी, वाडी, इतवारी : नेटवर्क हाती देण्याआधी आम्ही काय तपासतो

बुटीबोरीचा कारखाना, वाडीचं गोदाम आणि इतवारीतलं दुकान एकाच नेटवर्कवर असल्यासारखं चालावं, म्हणून आम्ही तुमच्या आहे त्याच ब्रॉडबँडवर व्हीएक्सलॅन बसवतो. म्हणजे पाकिटात पाकीट: आतल्यावर तुमचा खासगी पत्ता, बाहेरच्यावर दुसऱ्या टोकाच्या राउटरचा. व्हीएक्सलॅनमध्ये मजकूर आपोआप कूटबद्ध होत नाही. त्यामुळे ते आम्ही वायरगार्डच्या सुरक्षित जोडणीतूनच नेतो, उघड्या इंटरनेटवरून कधीच नाही.

"पिंग चालतंय ना, मग झालं की!" असं बरेच ग्राहक म्हणतात. पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का, हे पाहणारा छोटा संदेश. पण विंडोजचं साधं पिंग फक्त ३२ बाइटचं असतं. वायरगार्डमधून जाणाऱ्या एका पॅकेटची, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याची, नेहमीची मर्यादा १४२० बाइट, त्यातले ५० व्हीएक्सलॅनला लागतात, तुमच्या पॅकेटला उरतात १३७०. हे जमलं नाही तर छोटं बिल उघडतं आणि मोठा अहवाल अर्ध्यावर अडकतो. म्हणून पॅकेट तोडायला मनाई करून १३४२ बाइटचं पिंग आम्ही सगळीकडून पाठवतो; पत्ते वगैरेचे २८ बाइट धरले की ते बरोबर १३७० होतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही एआरपीला, म्हणजे नेटवर्कवर यंत्र शोधण्याच्या पद्धतीला, देतो. एखादा आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा, हे संगणक सगळ्या नेटवर्कला विचारतो आणि मिळालेलं उत्तर थोडा वेळ जपून ठेवतो. हा प्रश्न दूरच्या शाखांत पोचावा म्हणून प्रत्येक राउटरवर बाकीच्या शाखांची यादी भरावी लागते. समजा, इतवारीच्या यादीत वाडी राहून गेली. इतवारीहून वाडी सापडणार नाही, पण वाडीहून इतवारी सापडेल. आणि वाडीने एकदा विचारलं, की इतवारीलाही वाडीचा पत्ता कळतो. मग काही वेळ दोन्हीकडून सुरळीत चालतं. अशा वेळी केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवूच नये. आम्ही दोन्ही टोकांच्या जपलेल्या नोंदी पुसतो, मग विचारतो. तीन शाखा म्हणजे सहा दिशा. सहाही वेगवेगळ्या तपासतो, दर वेळी नोंदी नव्याने पुसून.

एकाच आयपीला दोन यंत्रांनी उत्तर दिलं तर तेही इथेच पकडलं जातं. तिन्ही राउटर १९२.१६८.१.१ वरच असणं फार नेहमीचं आहे.

मार्गाची तपासणी त्यामानाने लवकर आटोपते. इतवारीचं इंटरनेट उगाच बुटीबोरीमार्गे फिरून जात नाही ना, ते ट्रेसर्टने (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेने) दिसतं. मग मुख्य लाइनची वायर काढून पर्यायी लाइन पाहतो आणि शेवटी राउटर बंद-चालू करतो, कारण वीज जाऊन आली की एआरपीच्या नोंदी पुन्हा शून्यापासून भरतात.

हे काम दुकान बंद झाल्यावरच होतं. त्या वेळी प्रत्येक जागी तुमचा एक माणूस हवा. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं यंत्र यांना कोणी हाताने पत्ते दिले असतील तर त्यांची यादी आधी द्या. नंतर कधी राउटर बदलायचा झाला तर बदलण्यापूर्वी आम्हाला फोन करा.