फिलाडेल्फिया गुणसूत्र आणि मुलांमधील ल्युकेमिया

९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेले की २२ वे गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड होते. हेच फिलाडेल्फिया गुणसूत्र. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळूहळू वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात ते जवळजवळ नेहमीच सापडते. मुलांच्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात मात्र शंभरातल्या तीन ते पाच जणांतच आढळते. हा दोष आईवडिलांकडून आलेला नसतो. रक्त घडवणाऱ्या एखाद्या पेशीत तो नंतर निर्माण होतो. ‘आमच्याकडून काही चुकलं का?’ असे विचारणाऱ्या पालकांना हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे.

१९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी फिलाडेल्फियात हे आखूड गुणसूत्र टिपले, म्हणून त्याला शहराचे नाव. तुटलेला तुकडा गेला कुठे, याचा उलगडा १९७३ मध्ये जॅनेट रॉली यांनी केला. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते, असे मुले चिडवत.

या अदलाबदलीत ९ व्या गुणसूत्रावरचे एबीएल जनुक २२ व्यावरच्या बीसीआर जनुकाला चिकटते. एबीएलचे प्रथिन पेशीला वाढीचा संदेश देणारे टायरोसिन कायनेज, म्हणजे एक प्रकारचे विकर (एन्झाइम) आहे. एरवी ते गरजेपुरते काम करून थांबते. जोडजनुकाचे प्रथिन थांबतच नाही. अस्थिमज्जा अपक्व पेशींनी भरून जाते आणि मूल फिकट पडते, वारंवार तापाने फणफणते, अंगावर जांभळे डाग उठतात.

या प्रथिनाच्या ज्या खाचेत ऊर्जा पुरवणारा एटीपी रेणू बसतो, तीच खाच इमॅटिनिब हे औषध अडवते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. लिम्फोब्लास्टिक प्रकारात ते एकटे पुरत नाही. पेशी लवकरच त्याला दाद देईनाशा होतात. म्हणून ते केमोथेरपीच्या जोडीने द्यावे लागते. पूर्वी अशा मुलांपैकी तीन वर्षे आजार न उलटता राहणारी जेमतेम ३५ टक्के असत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, केमोसोबत सलग इमॅटिनिब घेतलेल्या गटात हे प्रमाण ८० टक्के निघाले. गट लहान होता, तरी बालकर्करोगाच्या उपचारांत एवढी झेप क्वचितच दिसते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाशिवाय बहुतेकांचा उपचार करता येईल, हा विश्वास इथूनच आला. २०१३ मध्ये मुलांमधील या प्रकारासाठीही औषधाला मान्यता मिळाली. गिळता न येणाऱ्या लहानग्यांना गोळी पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात विरघळवून देतात.

पण कर्करोगाची पेशीही बदलते. प्रथिनातील ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन हे दुसरे आले की इमॅटिनिब खाचेत बसत नाही. त्यानंतर आलेले डासॅटिनिब हे औषध मेंदूपर्यंत अधिक चांगले पोहोचते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील १८९ मुलांच्या चाचणीत ते इमॅटिनिबपेक्षा सरस ठरले. ३१५ व्या जागेच्या बदलापुढे मात्र तेही चालत नाही. त्यासाठी पोनॅटिनिब आहे.

भारतात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपाला पेटंट नाकारले. तेव्हा महिन्याला लाखाच्या वर खर्च येणाऱ्या मूळ औषधाला भारतीय कंपन्यांचा कितीतरी स्वस्त पर्याय त्यामुळे टिकून राहिला. केमो सुरू झाल्यावर पंधराव्या दिवसाच्या सुमारास अनेक उपचारपद्धतींत इमॅटिनिबची गोळी सुरू होते. म्हणून हे जोडजनुक शोधणाऱ्या फिश किंवा पीसीआर तपासणीचा अहवाल त्याआधी डॉक्टरांच्या हाती यावा लागतो.