पुढचं थर्मल केवढं असेल? हँग ग्लायडिंगची शर्यत आणि बदलतं आभाळ

जानेवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात इतकं तापलं होतं की तिथल्या हवामान खात्याला तापमानाच्या नकाशात दोन नवे रंग घालावे लागले. आधीची रंगांची पट्टी ५० अंशांवर संपायची, ती त्यांनी ५४ पर्यंत वाढवली. ७ जानेवारीला तर अख्ख्या देशाचं सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या वर गेलं. आणि त्याच महिन्यात सिडनीच्या पश्चिमेला, गव्हाच्या शेतांनी भरलेल्या सपाट मुलखातल्या फोर्ब्स नावाच्या गावी हँग ग्लायडिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू होती. जिंकला ऑस्ट्रियाचा मॅनफ्रेड रूमर. १९९९, २००१ आणि २००३ ला तो आधीच जगज्जेता झालेला होता, म्हणजे दहा वर्षांनी पुन्हा.

मला या खेळाचं वेड आहे ते या बदलत्या हवेसाठीच. इंजिन नाही, इंधन नाही, तीस-पस्तीस किलोचं पंख, त्याखाली हार्नेसमध्ये पालथा झोपलेला माणूस आणि समोर एक बार. बार पोटाकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो, अंग डावीकडे नेलं की ग्लायडर डावीकडे वळतो. एवढ्या सामानावर चांगल्या दिवशी शंभर-दोनशे किलोमीटरची शर्यत होते, आणि ती ज्या रस्त्यावर होते तो रस्ता दर अर्ध्या तासाने बदलत असतो.

लोकांना वाटतं की ऊन जास्त म्हणजे उडायला मजा जास्त. तसं सरळ गणित नाहीये. जमीन तापते, जमिनीला लागून असलेली हवा तापते, हलकी होऊन वर सुटते, हेच थर्मल. ही हवा वर जाताना प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला साधारण ९.८ अंशांनी थंड होत जाते. आता ती वर जात राहणार की मध्येच थांबणार हे ठरतं आजूबाजूच्या हवेवरून. आजूबाजूची हवा तिच्यापेक्षा थंड आहे तोवर ती चढत राहते, बरोबरीला आली की संपलं. त्यामुळे खाली ४२ अंश असलं आणि वरच्या थरातली हवाही तापलेलीच असली (मोठ्या हाय प्रेशरखाली, म्हणजे जास्त दाबाच्या पट्ट्याखाली, हवा वरून खाली दबत येते आणि दबताना तापते, तेव्हा असं होतं) तर थर्मल कुठेतरी अदृश्य छताला आपटल्यासारखं थांबतं. उकाडा भयंकर, आभाळ निळंशार, आणि पायलट हजार-दीड हजार मीटरच्या वर जाऊ शकत नाही. त्याउलट थंड हवेचा थर वरून सरकत आला आणि खाली ऊन तेवढंच असलं की सगळं एकदम उघडतं.

म्हणून स्पर्धेच्या सकाळी ब्रीफिंगमध्ये सगळ्यात आधी बघतात ते हवामानाच्या फुग्याने मोजलेलं आणि कॉम्प्युटर मॉडेलने पुढे काढलेलं चित्र, म्हणजे कुठल्या उंचीवर किती तापमान, किती दमटपणा, कुठून वारा. त्यातून एक हिशोब कोणालाही करता येतो: जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) यातला फरक घ्या, त्याला १२५ ने गुणा, ढगाचा तळ साधारण तेवढ्या मीटरवर येतो. तापमान ३६ आणि दवबिंदू १२ असेल तर फरक २४, म्हणजे ढग ३००० मीटरवर. दुपारी तापमान वाढत गेलं की हा तळही वर सरकतो, आणि दमट हवा आली की खाली येतो. सकाळी अकराला जे आभाळ १५०० मीटरचं असतं ते तीनला ३००० चं असू शकतं, एकाच गावावर, एकाच दिवशी.

आता शर्यतीचं बघू. टास्क, म्हणजे त्या दिवशीची शर्यत, कमिटी ठरवते: आज अमुक टर्नपॉइंट (जिथे पोचून वळायचं ती जागा), मग तमुक, मग गोल, म्हणजे शर्यतीचा शेवट. सपाट मुलखात डोंगर नसतो म्हणून छोटी टग विमानं दोरीने ओढून ग्लायडर वर सोडतात, मग सगळे एकाच थर्मलमध्ये गोल गोल फिरत वर जाऊन स्टार्टची वाट बघतात. स्टार्ट झाला की पुढे एकच चक्र: थर्मलमध्ये चढा, सरळ पुढे घसरा, पुढचं थर्मल शोधा, परत चढा.

घसरताना किती वेगाने जायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार सुंदर वाटलं होतं. चांगला स्पर्धेचा ग्लायडर ताशी ५४ किलोमीटरने गेला तर एक मीटर खाली येताना साधारण १५ मीटर पुढे जातो. बार ओढून ताशी ८० ने गेला तर समजा १० च मीटर पुढे जातो. (मॉडेलप्रमाणे आकडे थोडे बदलतात, इथे हिशोबापुरते धरू.) दोघंही हजार मीटर उंची खर्च करतात. हळू जाणारा १५ किलोमीटर जातो, पावणेसतरा मिनिटांत. जोरात जाणारा १० च किलोमीटर जातो, पण साडेसात मिनिटांत.

मग दोघांनाही हजार मीटर परत कमवायचे आहेत. पुढचं थर्मल सेकंदाला ४ मीटर चढवणारं मिळालं तर चार मिनिटांत काम होतं, आणि सगळं धरून हळू पायलटचा सरासरी वेग येतो ताशी ४३, जोरातवाल्याचा ५१. पण पुढचं थर्मल सेकंदाला १ मीटरवालं निघालं तर चढायला पावणेसतरा मिनिटं लागतात, आणि आता हळू पायलटचा सरासरी वेग ताशी २७ म्हणून तो पुढे, जोरातवाल्याचा २५ म्हणून तो मागे. शिवाय जोरातवाल्याला तेवढ्याच अंतरात दीडपट थर्मल सापडावी लागतात, आणि मरगळलेल्या आभाळात एखादं सापडलं नाही की तो शेतात उतरला, त्याचा दिवस संपला.

म्हणजे आत्ता किती वेगाने जायचं हे आत्ताच्या हवेवरून ठरतच नाही, ते ठरतं पुढच्या थर्मलवरून, जे अजून दिसलेलंही नाही. हे गणित स्पर्धेतल्या पायलटांच्या हाती दिलं पॉल मॅकक्रेडी या अमेरिकन माणसाने, ज्याने १९५६ साली सेलप्लेनची (बिनइंजिनाच्या विमानांची) वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि पुढे १९७९ मध्ये ज्याचं फक्त पायडल मारून उडणारं विमान इंग्लिश खाडी पार करून गेलं. आज पायलटच्या बारवर जो व्हेरिओ लावलेला असतो, ज्याची बीप ऐकून चढतोय की पडतोय हे कळतं, त्यात मॅकक्रेडीचंच गणित बसवलेलं असतं. पण त्यात पुढच्या थर्मलचा आकडा भरायचा असतो, आणि तो माणसालाच भरावा लागतो.

हवा स्थिर असेल तर हा आकडा सोपा आहे, मागची चार थर्मल जशी होती तसंच पाचवं. बदलत्या हवेत मात्र मागचा अनुभवच फसवतो. समजा दुपारी दोनपर्यंत दणकून ४ मीटर मिळत होते, तुम्ही जोरात निघालात, आणि तेवढ्यात पश्चिमेकडून उंचावरचे पांढरे पिसासारखे ढग सूर्यावर आले. ऊन थोडंसंच कमी होतं, फोटोत फरकही कळणार नाही, पण जमीन तापणं मंदावतं आणि थोड्या वेळाने थर्मल अर्ध्यावर येतं. चांगला पायलट अशा वेळी व्हेरिओ सांगेपर्यंत थांबत नाही, तो सावली जमिनीवर कुठपर्यंत आली ते बघतो आणि सावलीत शिरायच्या आधीच गियर बदलतो: वेग कमी, मिळेल ते अर्धा मीटरचं थर्मलही सोडायचं नाही, आणि एकटं पुढे न जाता घोळक्यात राहायचं, कारण वीस जण पसरून शोधतात तेव्हा कोणाला तरी सापडतंच. सावलीच्या पलीकडे उन्हात पोचला की पुन्हा बार पोटाशी. ही गियर बदलायची वेळ ज्याला कळते तो जिंकतो असं माझं स्पष्ट मत आहे. पंख तर आता पहिल्या तीस जणांकडे जवळपास सारखेच असतात.

ढगांचंही तसंच. छोट्या कापसासारख्या ढगाचं आयुष्य साधारण वीस-तीस मिनिटांचं असतं. दहा किलोमीटरवर मस्त काळ्या तळाचा ढग दिसतोय म्हणून निघालात तर तिथे पोचायला दहा मिनिटं लागणार, तोवर तो विरायला लागलेला असणार आणि त्याच्याखाली हवा वर नव्हे, खाली येत असणार. म्हणून अनुभवी लोक मोठ्या ढगाकडे न जाता जिथे आत्ता नुसता धुरकट ठिपका दिसतोय तिकडे जातात. निळ्या आभाळात ढगच नसतील तर वावटळी बघायच्या, आणि वर फिरणारी घार किंवा गरुड दिसला तर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा.

पण कधीकधी आभाळ गरजेपेक्षा जास्त देतं, आणि मला वाटतं या खेळाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे आहे. ढगात वाफेचं पाणी होतं तेव्हा उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ढगाच्या आत चढणारी हवा दर किलोमीटरला ९.८ ऐवजी पाच-सहा अंशांनीच थंड होते. वरचं आभाळ थंड आणि खालची हवा दमट असेल तर ढग थांबतच नाही, स्वतःच्याच उष्णतेवर वाढत जातो, आणि खालची हवा आत ओढायला लागतो. पायलट मंडळी याला क्लाउड सक म्हणतात. सुरुवातीला फार छान वाटतं, कुठेही जा चढतंच आहे, फिरायचीही गरज नाही. तोच धोक्याचा इशारा असतो.

काय होऊ शकतं याचं उदाहरण पॅराग्लायडिंगमधलं आहे, ज्यात पंखाऐवजी पॅराशूटसारखं कापड असतं. १४ फेब्रुवारी २००७, फोर्ब्सच्याच राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये मॅनिला या गावी, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या आधीचा सराव. जर्मन संघाची एवा विश्निएर्स्का वादळी ढगात ओढली गेली आणि तिच्या जीपीएसवर उंची नोंदली गेली ९,९४६ मीटर. एव्हरेस्टपेक्षा हजारभर मीटर वर, ऑक्सिजन नाही, अंगावर बर्फ. ती अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बेशुद्ध होती आणि कापड तिला घेऊन उडत राहिलं, मग शुद्ध आली आणि ती जिवंत उतरली. त्याच वादळात चीनचा हे झोंगपिन मात्र गेला. दोघंही नवखे नव्हते, कसलेले पायलट होते. हँग ग्लायडर पॅराग्लायडरपेक्षा वेगवान असतो, ढगाखालून निसटायला जास्त वाव असतो, पण वाढत्या ढगात चढणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटर किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो आणि त्यापुढे कुठलाच ग्लायडर पुरा पडत नाही.

दुसरा धोका खालून येतो आणि तो आपल्याला अगदी ओळखीचा आहे. एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तेव्हा पावसाच्या आधी एकदम गार वारा सुटतो, धूळ उडते, पत्रे वाजतात. ढगातून पावसाबरोबर कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते तोच हा वारा, गस्ट फ्रंट. तो पावसाच्या कितीतरी किलोमीटर पुढे धावतो. हँग ग्लायडर ताशी तीसेक किलोमीटरला उतरतो, समोरून ताशी ६०-७० चा झोत आला तर उतरताना तो जमिनीवरून मागे मागे जायला लागतो, आणि उतरल्यावरही एकट्या माणसाला तो धरून ठेवता येत नाही. म्हणून वादळ लांब दिसत असतानाच उतरून ग्लायडर आडवा करावा लागतो. लोणावळ्याजवळ कामशेतला उडणाऱ्यांना हे सांगायला लागत नाही, वळवाच्या दिवसांत पूर्वेला ढग चढायला लागले की टेकडी लवकर रिकामी होते.

आता स्पर्धेचा पेच लक्षात घ्या. वादळ येतंय, पण पुढे असलेला उतरत नाहीये, मग मी का उतरू? प्रत्येक जण असा विचार करायला लागला तर सगळे एकत्र ढगात जातील. यावर उत्तर नियमांनी दिलंय आणि ते मला खूप विचारपूर्वक केलेलं वाटतं. पायलट उडता उडता रेडिओवर सांगत असतात: लेव्हल १ म्हणजे ठीक, २ म्हणजे हवा खराब होतेय, ३ म्हणजे धोका आहे, टास्क थांबवा. पुरेशा विश्वासू लोकांकडून ३ यायला लागलं की डायरेक्टर टास्क थांबवतो. मग गुण थांबवल्याच्या क्षणाला धरत नाहीत, तिथून ठरावीक मिनिटं मागे जाऊन, त्या वेळी कोण कुठे होतं ते धरतात. म्हणजे शेवटच्या मिनिटांत ढगाखाली घुसून कमावलेले किलोमीटर मोजलेच जात नाहीत, आणि शहाणपणाने थोडं आधी बाजूला झालेल्याचं नुकसान कमी होतं. जो अजून हवेत उंचावर होता त्याला त्या उंचीचेही गुण मिळतात, कारण टास्क चालू राहिला असता तर तो तेवढं अंतर घसरत गेलाच असता.

शिवाय दिवसाला कमाल १००० गुण असले तरी ते रोज मिळत नाहीत. किती जण उडू शकले, किती लांब गेले, शर्यत किती वेळ चालली यावरून दिवसाची किंमत ठरते. हवा खराब असेल तर जिंकणाऱ्यालाही ४००-५०० च मिळू शकतात. यामुळे पायलटच्या डोक्यात अजून एक हिशोब चालू असतो: आज सगळा दिवसच चारशेचा असेल तर त्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही, टिकून राहा, उद्या फ्रंट (थंड आणि गरम हवेची सीमा, जिच्याबरोबर खराब हवा येते) निघून गेल्यावर थंड स्वच्छ हवेत हजारचा दिवस येईल. दहा-बारा दिवसांच्या स्पर्धेत एका वाईट उतरण्याने खूप जण बाहेर जातात, आणि वरच्या नंबरात बऱ्याचदा असे लोक दिसतात ज्यांनी दिवस फार थोडे जिंकलेत पण एकही दिवस गमावला नाहीये.

बघायचं असेल तर आता हे घरबसल्या जमतं. बऱ्याच मोठ्या स्पर्धांचं लाइव्ह ट्रॅकिंग नेटवर असतं, नकाशावर प्रत्येक पायलटचा ठिपका आणि त्याची उंची दिसते. बाजूला त्या भागाचं सॅटेलाइट चित्र उघडून ठेवा आणि ढगाची सावली पुढे सरकली की कोण थांबून गोल फिरायला लागतं आणि कोण तसंच सरळ जातं ते बघा. अर्ध्या तासात कळतं त्या दिवशी कोण गोलला पोचणार आहे.