रोलर मोडला म्हणून

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच असली की आम्ही जेवून निघतो, गेटवर तिकीट काढतो आणि आत जातो. खासबागेत कुस्ती बघायला जायचं तर तेवढाही विचार नाही. त्यामुळं चेन्नईची एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यातली, टेनिस स्पर्धा 2018 च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत आली आणि भाचा म्हणाला, "मामा, तिकीट ऑनलाइन काढायचं," तेव्हा मला ते जिवावर आलं. तीन वेळा ओटीपी टाकला. चौथ्यांदा पैसे गेले आणि तिकीट आलं नाही. पैसे आठवड्यानं परत आले, तोवर मॅच होऊन गेली होती.

त्या रागातच या तिकिटाच्या मुळाशी गेलो.

टेनिसचं मूळ फ्रान्समधल्या मठांत सापडतं. बाराव्या शतकाच्या सुमारास तिथं भिंतींच्या आत चेंडू नुसत्या हातानं मारत. रॅकेट बरीच नंतर आली. सर्व्हिस करणारा समोरच्याला ओरडून सांगायचा 'तने', म्हणजे 'घे'. खेळाचं नाव यावरूनच पडलं असं मानतात. म्हणजे कोल्हापुरी 'घे रं'च म्हणायचं! पुढं हा खेळ राजवाड्यांत शिरला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला त्याचा मोठा नाद होता. पण चेंडूत केस नाहीतर लोकर कोंबलेली असायची, तो गवतावर उडणार कुठून? 1830 मध्ये एडविन बडिंगनं गवत कापायचं यंत्र काढलं आणि 1840 च्या दशकात रबर पक्कं करायची कृती सापडली, तेव्हा कुठं हा खेळ हिरवळीवर येण्याची सोय झाली.

बर्मिंगहॅमला हॅरी जेम आणि त्याचा स्पॅनिश वंशाचा मित्र पेरेरा यांनी हिरवळीवर खेळून बघितलं होतं. पण तो खेळ विकायचं डोकं मेजर वॉल्टर विंगफिल्डचं. त्यानं 1874 मध्ये पेटंट घेतलं आणि खांब, जाळी, रॅकेटी, चेंडू असा सगळा संच एका पेटीत घालून पाच गिनींना बाजारात आणला. नाव ठेवलं 'स्फेअरिस्टिके'. ग्रीक होतं, पण उच्चारायला जीभ वळेना. लोकांनी ते सोडून दिलं आणि पेटी तेवढी उचलली. त्याचं कोर्टही डमरूसारखं, मधे निमुळतं होतं.

आता तिकिटाकडं. विम्बल्डनचा क्लब मुळात क्रोकेचा, म्हणजे लाकडी हातोड्यानं चेंडू कमानीतून काढायच्या खेळाचा. तिथं हिरवळ सपाट करायला घोडं जुंपून ओढायचा एक रोलर होता, तो बिघडला. दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून 1877 मध्ये स्पर्धा भरवली. 22 जणांनी नावं दिली. कोर्ट चौकोनी आखलं, 78 फूट लांब आणि 27 फूट रुंद. एकेरीचं माप आजही तेच आहे. मधे ईटन आणि हॅरो या शाळांच्या क्रिकेट सामन्यासाठी स्पर्धा थांबवली, मग पाऊस आला. शेवटी 19 जुलैला फायनल झाली. साधारण दोनशे माणसांनी माणशी एक शिलिंग मोजून ती बघितली. पाच गिनी म्हणजे 105 शिलिंग, हे लक्षात घेतलं की खेळण्यापेक्षा बघणं किती स्वस्त होतं ते कळतं. जिंकला स्पेन्सर गोर. त्याला स्वतःला हा खेळ विशेष आवडला नाही. चांगलं क्रिकेट खेळणारा माणूस याला चिकटून राहणार नाही, अशा अर्थाचं त्यानं पुढं लिहून ठेवलं.

फ्रान्सची चॅम्पियन सुझान लेंग्लेन हिला बघायला झुंबड उडू लागली, जुनी जागा पुरेना, म्हणून 1922 मध्ये क्लब चर्च रोडला आला. नव्या जागेसाठी पैसा उभा करायला रोखे काढले होते. ते घेणाऱ्याला ठरावीक वर्षं सीट मिळते आणि फक्त त्याच सीटचं तिकीट कायद्यानं दुसऱ्याला विकता येतं. नवीन स्टेडियमही कमी पडलं तेव्हा 1924 पासून तिकिटांची सोडत सुरू झाली. ती अजून चालू आहे, फरक एवढाच की पूर्वी अर्ज टपालानं जायचा, आता संगणकावरून जातो. सोडतीत नाव नाही आलं तर रांग आहेच. तंबू ठोकून रात्र काढायची, हातात नंबराचं कार्ड. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला उभं राहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. आणि 1954 पासून तिथं आणखी एक चांगली पद्धत आहे: कंटाळून लवकर घरी निघालेल्याचं तिकीट परत विकतात आणि तो पैसा धर्मादायाला देतात.

2022 मध्ये आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या 14 वर्षांखालच्या स्पर्धेत खेळून आली, तेव्हापासून भाच्यानं सोडतीचा ध्यास घेतलाय. परवा अर्ज भरून बसला होता.

"कुठल्या दिवसाचं मागितलंस?"

"दिवस तेच ठरवत्यात, मामा."

"मग कोर्ट?"

"ते पण तेच."

"आणि नाही जमलं तर तुझं तिकीट मी न्यायचं काय?"

"चालत नाही. एकाचं दुसऱ्याला देता येत नाही."

मी चहा टाकायला आत गेलो.