दोन रेषांमधला कडा

कणकुंबी परिसराची 1:50,000 प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, टेबलावर पसरा आणि पेन्सिल घेऊन एकच काम करा. मलप्रभेकडे वाहणारं पाणी आणि म्हादईकडे वाहणारं पाणी यांना वेगळं करणारी धार शोधून काढा. मलप्रभा पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिसळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हादई मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात उतरते. हे दोन प्रवास जिथे फुटतात ती रेघ नकाशावर छापलेली नसते, ती तुम्हालाच काढावी लागते. ती न अडखळता काढता येऊ लागली, की हिमालयातल्या वाट नसलेल्या तळ्यांचा विचार सुरू करायला हरकत नाही.

बेळगाव-खानापूरकडची बरीच तरुण मंडळी आता काश्मीरमधल्या विशनसर, गडसर, गंगाबलसारख्या तळ्यांचा ट्रेक करून येतात. तिथे मळलेली वाट असते. त्याच डोंगररांगांत नकाशावर आणखीही निळे ठिपके दिसतात, ज्यांच्याकडे वाट जात नाही. तिकडे जायचं तर वाट आधी कागदावर तयार करावी लागते.

उन्हाळ्यात राकसकोपच्या जलाशयाचं पाणी उतरत जातं, तेव्हा काठावर एकाखाली एक रेघा उरतात. प्रत्येक रेघ एकाच उंचीवरून फिरलेली असते. समोच्च रेषा म्हणजे नेमकं हेच. आपल्याकडच्या टोपोशीटवर अशा दोन रेषांमध्ये साधारण 20 मीटरचा फरक असतो. उंच पर्वतात तो जास्तही असतो, म्हणून समासातली नोंद आधी वाचावी. या प्रमाणात कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. रेषा 2 मिलिमीटर अंतरावर असतील तर उतार सुमारे 11 अंशांचा, म्हणजे पाठीवर ओझं घेऊन सहज चढण्याजोगा. अंतर 1 मिलिमीटर झालं की 22 अंश. अर्धा मिलिमीटर झालं की 39 अंश, आणि तिथे वाट आखणं थांबवावं. सुटे दगड साधारण 35 अंशांच्या आसपासच्या उतारावर जेमतेम तग धरून असतात. असा घसारा एका पावलाने हलतो. बर्फ असेल तर हाच उतार हिमस्खलनाचा.

पण हे सगळे आकडे सरासरी उताराचे आहेत, आणि खरा धोका त्या सरासरीत दडलेला असतो. 50 मीटर अंतरात 20 मीटर चढ, असं नकाशा सांगतो. त्यातले 15 मीटर सरळ कड्याचे आणि उरलेला भाग जवळजवळ सपाट असला, तरी रेषा तशाच दिसतील. जांबोटीजवळच्या वज्रपोह्यासारखा मोठा धबधबा नकाशावर कळतो, कारण तिथे रेषा एकमेकींना चिकटतात. दोन-तीन माणसांच्या उंचीचा कातळटप्पा कळत नाही, आणि घात तोच करतो. ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत गेलेली माणसं अशाच टप्प्यावर अडकतात. पुढे उतरता येत नाही, मागचा ओला कातळ चढता येत नाही.

मोबाइलवरच्या नकाशांबाबत तर जास्तच सावध राहावं. त्यांतल्या पुष्कळ समोच्च रेषा संगणकाने काढलेल्या असतात. त्यांच्यामागच्या मोजमापांपैकी एक प्रसिद्ध मोजमाप फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानातून रडारने झालं. त्यात सुमारे 30 मीटरच्या एका चौकटीला एकच उंची मिळते. दाट रानात रडारला पुष्कळदा जमिनीऐवजी झाडांचा माथा लागतो. अरुंद दरीत त्याचे किरण पोहोचत नाहीत, तिथली पोकळी नंतर अंदाजाने भरलेली असते. पडद्यावरची रेषा कितीही गुळगुळीत दिसली तरी ती तेवढ्याच विश्वासाची. म्हणून उपग्रहाची छायाचित्रं वेगवेगळ्या ऋतूंतली पाहावीत. कातळटप्प्याची सावली एखाद्या तिरप्या उन्हात काळी पट्टी होऊन दिसते.

हिमालयातल्या तळ्यांकडे जाताना हे टप्पे नेमके कुठे असतील याचा अंदाज बांधता येतो. हिमनदीने डोंगराच्या कुशीत खोदलेल्या खळग्यात, म्हणजे हिमगव्हरात, अशी अनेक तळी साचतात. मागची भिंत जवळजवळ उभी असते. उघड्या तोंडाशी हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध असतो. कधी एकावर एक अशी दोन-तीन तळी असतात आणि त्यांच्यामध्ये कातळाची पायरी असते. नकाशावर घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या रेषा दिसल्या, तर वाट नालाच्या उघड्या बाजूने आखावी, पण दोन तळ्यांमधल्या ओढ्याला चिकटून नको. बाजूची डोंगराची सोंड लांबची वाटली तरी बहुतेकदा तीच बरी. वितळत्या बर्फाचा ओढा ओलांडायचा असेल तर पहाटे ओलांडावा. दिवसभर ऊन लागून दुपारनंतर त्याचं पाणी चढतं.

वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला हिशेब आजही वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. 6 किलोमीटर आणि 900 मीटर चढाई म्हणजे पावणेतीन तासांच्या आतबाहेर. वाट नसेल, पाठीवर तंबू असेल आणि हवा विरळ असेल, तर मी तो सरळ दुप्पट धरतो.

विरळ हवेचा मुद्दा मुक्काम ठरवताना अंतराहूनही मोठा. 4,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांच्या जवळपास उरतो. साडेसातशे मीटरवरच्या बेळगावात राहून त्याची सवय होत नाही. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस ठेवावा. आडवाटेला याचा आणखी एक अर्थ होतो. प्रत्येक मुक्कामावरून खाली उतरायची सोय हवी. बाहेर पडायला आधी खिंड चढावी लागते अशा दरीत मुक्काम मला मान्य नाही, कारण डोकेदुखी आणि उलट्यांनी बेजार झालेल्या माणसाला तातडीने खाली नेणं हाच खरा उपाय असतो.

सराव आपल्या भागातच करावा. भीमगडच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. तो भाग कागदावर वाचायलाच खूप आहे. येळ्ळूरचा राजहंसगड किंवा वैजनाथचा डोंगर मात्र चढता येतो. आधी नकाशावरून उतार लिहून काढावेत, मग जागेवर जाऊन ताडून पाहावेत. जिथे 22 अंश लिहिलं तिथे हात टेकावे लागले, तर त्या दोन रेषांमध्ये काय दडलं होतं ते तिथेच वहीत टिपून ठेवावं.

आणि निघण्याआधी आखलेल्या वाटेची एक प्रत घरी ठेवावी. त्यावर मुक्काम, पर्यायी उतरण, आणि किती वाजेपर्यंत तळं गाठलं नाही तर मागे फिरणार, ती वेळही लिहावी.